बनुबाईची उत्तरं

बनुबाईने दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यालाच देऊन टाकलं.

"आजी, तुमचं वय काय?" नीलाने विचारलं होतं.

"दोन येळा जेवते गो. पोटभर."

नीलाची पेन्सिल थांबली. जेवणाचं तिने अजून विचारलंच नव्हतं. म्हातारीची नजर तिच्याकडे नव्हती. ती तिच्या खांद्यावरून मागे, दाराकडे बघत होती. नीला वळली. दारात सून उभी होती, मंजुळा. उंच, हाडापेराने मजबूत. तिने चौकट घट्ट धरली होती. तिचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता.



महाडच्या कॉलेजात ती रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. महाडिक सरांनी शनिवारचा वार्धक्यशास्त्राचा वर्ग काढला, तेव्हा मुलं हसली होती. सर अडखळत म्हणाले होते, "रसायन शिका, इतिहास शिका, पण जोडीला हेही शिका. डॉक्टर व्हा नाहीतर मामलेदार, तुमच्यासमोर म्हातारं माणूस येणारच. त्याच्याशी बोलायचं कसं, हे आपल्याला कोणी शिकवत नाही." सात जणांनी नावं दिली. वर्गाचा अभ्यास म्हणून काल शेजारच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांना हेच प्रश्न विचारून झाले. आज ही पाचाडच्या खालची वाडी. एका घरात एक जण, म्हणून नीला इथे एकटी होती.

"पाणी कोण भरतं, आजी?"

"मीच." हे उत्तर बरोबर जागी आलं. म्हातारी उठलीसुद्धा. कोपऱ्यातल्या भरल्या हंड्याला तिने हात घातला. हंडा हलला नाही. हात मात्र कापायला लागले.

"राहू द्या, आजी."

"उचल, आये," मंजुळा दारातून हळूच म्हणाली. "रोज उचलतेस ना."

हंडा वीतभर वर आला. पाणी हिंदकळून म्हातारीच्या लुगड्यावर सांडलं. सून जागची हलली नाही.

नीलाने आवाज अगदी खाली आणला. "आजी, सून कशी वागवते तुम्हाला?"

हा प्रश्न नीलाच्या यादीत नव्हता. म्हातारी गोंधळली. तिचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने पांढरे झाले होते. "मला समदं दिसतं," ती म्हणाली. "लांबचं पण दिसतं." मग ती दाराकडे वळली आणि रडायलाच लागली. "चुकलं का गो माझं?"

आपण गेल्यावर इथे काय होईल, हा विचार नीलाच्या मनात आला. तिने वही मिटली.

"तुम्ही जरा बाहेर जा. मला आजींशी एकटीला बोलायचंय."

"नाय जायची."

"मग आजींना मी आमच्याबरोबर महाडला घेऊन जाते. सर बघतील काय ते."

मंजुळाचा हात चौकटीवरून सुटला. ती झपाझप आत आली. आता ही मारणार, असं वाटून नीला भिंतीला टेकली. पण मंजुळा तिच्यापाशी थांबलीच नाही. तिने सासूला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि तिला घेऊन तशीच ओल्या जमिनीवर बसली. म्हातारीने तिच्या मानेत तोंड खुपसलं.

"मागल्या साली सरकारी माणसांनी अशीच वहीत नावं लिवली नि सांजच्याला जीप आली," मंजुळा म्हणाली. तिला धाप लागली होती. "माझ्या भावाला नसबंदीला नेला. आता ज्यांच्यानं काम होत नाय ती म्हातारी माणसं आश्रमात नेऊन टाकणार, असं म्हणतात. काल त्या वाडीत काय काय इचारलंत ते मी जाऊन इचारून आले. एकेक करून समदं पाठ करून घेतलंय तिच्याकडनं."

तिने पदराने म्हातारीचं तोंड पुसलं, तिला सरळ बसवलं आणि नीलाकडे बघितलं.

"पुन्हा इचार, बाय. आता नाय चुकायची ती."