निळा मासा

खुब्याचं हाड मोडल्यापासून म्हस्कूआबा खाटेवरच होते. खिडकीतून कासुर्डीच्या माळावर चरणारी मेंढरं दिसायची, तेवढाच विरंगुळा. त्यांचं मन रमावं म्हणून मुलानं, पप्पूनं, खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी आणली. "उन्हानं शेवाळ धरतं. ही खिडकी बंदच ठेवा," पुण्याहून आलेला दुकानदार म्हणाला. आबांना आता दाराशेजारच्या खिडकीतून नुसता रस्ता दिसू लागला. मग मासे निवडायची वेळ आली. दुकानदार मोबाइलवर फोटो दाखवू लागला. "ही नारिंगी जोडी गुण्यागोविंदानं राहते. निळा मात्र सगळ्यांना मारतो." टाकीत भांडणं लागली तर पोरगा कंटाळून ती काढील, असं आबांना वाटलं. "निळाबी घे," ते म्हणाले. आबांनी काहीतरी मागितलं, याचंच पप्पूला अप्रूप वाटलं. "मग दुप्पट टाकी लागेल, दारापर्यंत," दुकानदार म्हणाला. "लागू द्या की. आबांची आवड हाय," म्हणत पप्पूनं उठून दाराशेजारची खिडकीही लावून घेतली.