आधी काचेत

जुनी टाकी गळायला लागली, म्हणून मिरजेच्या संयोगितानं सासऱ्यांचा केशरी समुद्री मासा खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीत सोडला. निवृत्त सुभेदार बाळासो आजारपणानंतर दिवसभर त्या माशासमोरच बसून असायचे.

मासा दगडामागं दडला. संयोगितानं टाकीचा दिवा बंद ठेवला, मागं काळं कापड लावलं, काचेला कुणाला हात लावू दिला नाही. तरी तीन दिवस माशानं दाण्याला तोंड लावलं नाही. बाळासोंनीही ताट परत पाठवलं.

"आबा, दोन घास तरी खावा की."

"त्यो खाईल तवा खातो."

चौथ्या दिवशी दुपारी तिनं पाण्यात दाणे टाकले. मासा दगडामागंच होता, त्याची शेपटी दिसत होती. काळ्या कापडामुळं मागची काच आरशासारखी झाली होती. त्या काचेतला मासा मात्र बाहेर येऊन दाणे टिपत होता.

"आबा, तुमाला दिसतंय का?"

"व्हय," बाळासो शांतपणे म्हणाले. "आता ह्यो बी येईल."

थोड्या वेळानं मासा खरंच बाहेर आला. वर गेला आणि एकेक दाणा खाऊ लागला. संयोगिताचा जीव भांड्यात पडला. बाळासो चार दिवसांत पहिल्यांदाच हसले.

"आण माझं जेवाण."

ती लगबगीनं भाकरी-आमटी वाढून घेऊन आली. बाळासो मांडीवर हात ठेवून वाट बघत बसले होते. मागच्या काचेतले बाळासो मात्र मन लावून जेवत होते.

ताट अजून तिच्याच हातात होतं.