आमसुलाचं पाणी

लग्न होऊन लता घाटकोपरच्या चाळीत आली आणि दर चार दिवसांनी तिच्या अंगावर पित्ताच्या गांध्या उठू लागल्या. तिच्या सासूबाई, मालनताई, एरवी कामापुरतंच बोलायच्या. पण आमसुलं भिजवून ते पाणी सुनेच्या पाठीला चोळताना त्यांची जीभ सुटायची. गिरणीच्या संपात घरोघरी मसाले कसे विकले, पहिल्यांदा जुहूला गेल्यावर "आमच्या वेंगुर्ल्यापुढे हा कसला समुद्र" म्हणून नवऱ्यावर कशा रुसल्या, सगळं निघायचं. लताला आई नव्हती. ती डोळे मिटून ऐकत राहायची.

मग नाक्यावरच्या डॉक्टरांनी सुकट बंद करायला सांगितली आणि पित्त थांबलं. महिना झाला. घरात पुन्हा "भात लाव" आणि "पाणी भर" एवढंच बोलणं उरलं.

एका दुपारी लता सासूबाईंकडे पाठ करून बसली.

"आई, पुन्हा उठलंय वाटतं. बघा ना."

मालनताईंनी पदर सारून पाहिलं. पाठ नितळ होती.



"बरंच उठलंय गं," म्हणत त्या आमसुलं भिजवायला उठल्या.