रोजच्यापेक्षा वेगळं

"नव्याने राहायला आलेल्या माणसाचं रोजचं काय, हे त्याला कळणार कसं?" शंकासुराने विचारलं.

ती वैतागली. शंकासुर हे त्याचं ऑफिसातलं नाव. दुसऱ्याच्या कामातल्या फटी शोधायच्या, याचाच त्याला पगार मिळायचा. आणि ज्याला हे कळायला हवं होतं, तो होता एजंट. माणूस नव्हे, संगणकातला मदतनीस. वृद्धाश्रमातल्या मावशी दिवसभर काय घडलं ते त्याला बोलून सांगत आणि पुढे काय करायचं ते तो ठरवी. डॉक्टरांना बोलवा, औषध मागवा, घरच्यांना कळवा, अशी टूल्स त्याच्या हाताशी होती. कुठलं टूल कधी वापरायचं, हे त्याला नीट समजेल असं लिहून ठेवणं हे तिचं काम.

"पहिल्या आठवड्यात जे दिसेल ते रोजचं धरायचं," ती म्हणाली. "लिहिलंय मी तसं. वाच की."

त्याने मोठ्याने वाचलं. "घरच्यांना कळवा. रोजच्यापेक्षा वेगळं काही घडलं, तरच हे टूल वापरावं. जे रोज घडतं, त्यासाठी वापरू नये." खाली उदाहरणंही होती. खोट काही सापडेना, तेव्हा तो चहा आणायला गेला.

पूर्वी या टूलचं वर्णन एका ओळीचं होतं. घरच्यांना निरोप पाठवते, बस्स. तेवढ्यावर एजंटने उच्छाद मांडला होता. आजोबांनी दूध घेतलं. आजी हसल्या. आजोबांनी कूस बदलली. लोकांचे फोन दिवसभर वाजत राहिले आणि एका चिरंजीवांनी तर थेट साहेबांनाच फैलावर घेतलं. मग तिने सगळं नव्याने लिहिलं. निरोपांचा पाऊस थांबला. साहेब खूश झाले. उद्या ऑफिसातल्या नवीन लोकांना हेच वर्णन नमुना म्हणून दाखवायचं होतं.

तिला मात्र सकाळपासून चैन नव्हतं. फोन उचलायची, बघायची, पालथा ठेवायची. पुन्हा उचलायची.

तिचे बाबा त्याच वृद्धाश्रमात होते. वृद्धाश्रम हा शब्द ती घरी टाळायची; 'निवास' म्हणायची. "आपलंच काम आहे तिथे, लक्ष राहील," असं तिने नवऱ्याला सांगितलं होतं. बाबांना सांगितलं होतं, "येते हं लवकर." मग एकातून एक कामं निघत गेली. जायचं ठरायचं आणि राहून जायचं. दर वेळी मनाला टोचायचं आणि दर वेळी ती स्वतःची समजूत घालायची, की काही असतं तर निरोप आला असता. निरोप नाही, म्हणजे बाबा रमले. आज ही समजूत का कोण जाणे, पटत नव्हती.

शंकासुराने चहा समोर ठेवला.

"बंद तर पडलं नाही ना रे ते?" तिने विचारलं.

"छे, चालू आहे. कळवण्यासारखं काही नसेल. तूच तर लिहिलंयस."

ती चहाचा कप तोंडाशी नेत होती, तेवढ्यात फोन वाजला. निवासातून निरोप होता. कप तसाच खाली ठेवून तिने तो उघडला.

'तुमचे वडील आज संध्याकाळी बूट घालून फाटकापाशी बसले नाहीत.'

तिला काही अर्थच लागेना. शंकासुर खांद्यावरून वाकून बघत होता. त्याचा चेहरा उजळला. "सापडली खोट! जे घडलंच नाही, ते कशाला कळवतंय?"

ती खुर्ची सरकवून उठली, खिडकीपाशी गेली आणि तिने मावशींना फोन लावला.

"मावशी, बाबा बरे आहेत ना?"

"अगदी ठणठणीत. आता जेवायला बसलेत. बूट तेवढे कपाटात ठेवून द्या म्हणाले आज. आता लागायचे नाहीत म्हणे."

"पण बूट घालून फाटकापाशी कशाला बसतील ते?"

"अहो ताई, आल्या दिवसापासून बसायचे. उन्हं उतरली की केस विंचरून, बूट चढवून तयार. तुम्ही येणार म्हणून."

खाली रस्त्यावरून घरी निघालेली माणसं तिला धूसर दिसू लागली.

"मग मला कुणी कळवलं कसं नाही?"

"मी सांगायचे की मशीनला. न चुकता," मावशी म्हणाल्या. "ते म्हणायचं, हे तर रोजचंच आहे."