एकच रकाना

"आजी, तुझं नाव सांग. नॉर्वेच्या शाळेला पाठवायचंय."

आमच्या सहावीच्या वर्गाची तिकडच्या वर्गाशी ओळख व्हावी म्हणून बाईंनी टॅबवर एक तक्ता दिला होता. त्यात प्रत्येकानं आपल्या आजीचं नाव भरायचं होतं.

आजी शेंगा सोलायची थांबली. "माहेरचं सांगू का सासरचं?"

"दोन आहेत?"

"लग्नात सुमित्रा ठेवलं. त्याआधी हौसा. दुसरीपर्यंत शाळेत तेच होतं."

मी गोंधळले. तक्त्यात रकाना एकच होता. बाबांना विचारलं, तर हौसा कोण हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. शेवटी, आधीचं तेच खरं असणार असं धरून मी हौसा लिहिलं.

शुक्रवारी बाईंनी आज्यांनाही वर्गात बोलावलं. पडद्यावरची नॉर्वेची मुलं तक्ता बघून एकेकीला नमस्कार करत होती. आमची पाळी आली.

"नमस्ते, हौसा."

नुसतंच नाव. त्यांना 'आजी' म्हणायला शिकवायचं राहून गेलं म्हणून बाई ओशाळल्या.

कुणाला बोलावतायत म्हणून आजीनं मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. मग ती हळूच उठली आणि हाताची घडी घालून म्हणाली, "हजर."