धुतलेली शेगडी

गच्चीवर पाय ठेवला आणि शेगडीवरची भेग दिसली, वरपासून थेट खालपर्यंत. अंड्यासारखी गोल, जाड भाजक्या मातीची ती कोळशाची शेगडी माझ्या बाबांनी वारण्याच्या आधी रेवदंड्याहून पाठवली होती. सासरी घरात मासळी चालत नाही, म्हणून इतकी वर्षं मी ती गच्चीवरच पेटवली. दर दिवाळीआधी निखारे फुलवून आत वरवर साचलेलं जाळायचं, राख काढायची, जाळी घासायची. पाण्याचा थेंब लावायचा नाही, कारण ही माती पाणी पिते आणि तापली की तडकते. सासूबाईंना हे शंभरदा सांगून झालं होतं.

आत्ता त्या गच्चीवरच आपल्या भजनी मंडळाच्या मैत्रिणींना भरीत वाढत होत्या.

"अगं, वांगी भाजायची होती. विटाळ नको म्हणून सकाळी शेगडी साबणाने खसाखसा धुतली, वर गोमूत्र शिंपडलं. तरी मेली तडकलीच! तुझ्या वडिलांनी हलकीच दिली असणार."

माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"पण भरताला चव काय आलीय!" एक मैत्रीण बोटं चाटत म्हणाली. "आमच्या गॅसवर अशी येतच नाही."

"येणार कशी?" मी म्हणाले. "ही माती पाणी पिते, तसं मासळीचं तेलही पिते. ते साबणाने निघत नाही आणि गोमूत्रानेही नाही. तुम्ही चाटताय तो दहा वर्षांचा बांगडा आहे."

बोटं तोंडातच राहिली. मी सासूबाईंच्या हातातलं पातेलं काढून घेतलं.

"वाढू अजून?"