कागदी कप

"सरांना कागदी कपात दे," आई स्वयंपाकघरात कुजबुजली. "आपले कप कामवालीलाही देत नाही आपण." आम्ही राहतो त्या मस्कतमध्ये दोन हिवाळे शिबिर घेऊन प्रोफेसर टिल्मननी मला गाणं शिकवलं होतं. ते स्वतः कृष्णवर्णीय; अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठी निघालेल्या जुन्या विद्यापीठात शिकवत. तिथेच मला शिष्यवृत्ती मिळवून देणार होते. बाबांची संमती घ्यायला ते घरी आले होते. मी ट्रे नेला. तीन कप चिनीमातीचे, एक कागदी. कागदी मीच त्यांच्यापुढे ठेवला. सरांनी चारही कप पाहिले आणि चहा संपवला. "तिथे आता तुम्हीच तिचे वडील, सर," बाबा हात जोडून म्हणाले. सरांनी शिफारसपत्रावर सही केली. "माझी आई लोकांकडे धुणीभांडी करायची. तिचा पत्र्याचा मग सिंकखाली वेगळा ठेवलेला असायचा. त्यात चहा आणून द्यायची ती त्या घरची मुलगी. गुणी होती. तुझ्यासारखीच."